वहिवाट

पळसापासून आमच्या विहिरीपर्यंत,
डोमाजी सोनटक्क्यांच्या वावरातून, धुऱ्याच्या अंगानं
आमची बंडी जायची.
सातबाऱ्यावर ही वाट नाही.
नकाशावर गट एकशेबारा आणि गट एकशेतेरा
एकमेकांना पाठ टेकून बसलेत,
मधे मुंगीलाही जागा नाही.

पण पळसाच्या बुंध्याला हात लावून बघा.
मांडीच्या उंचीवर साल नाही.
बंडीच्या आसानं घासून घासून
तिथं खोड गुळगुळीत झालंय,
पाट्यासारखं.

डोमाजी गेले. तेरवीला मी पत्रावळी उचलल्या.
पुढच्या हंगामात मोरेश्वरनं तार ओढली,
तारेला बोरीच्या फांद्या बांधल्या,
आणि संत्र्याची कलमं लावली थेट चाकोरीत.
"कागद दाखवा काकू," म्हणाला.
वाईट बोलला नाही. कागदच मागितला.

त्या साली कापूस डोक्यावर आणला,
नाल्याच्या काठाकाठानं. एकवीस खेपा.

दारव्ह्याच्या वकिलानं विचारलं, किती वर्षं?
मी म्हटलं, नवी नवरी होते
तेव्हा ह्याच वाटेनं मला वावर दाखवायला नेलं.
बेचाळीस.
खूश झाला. वीस पुरतात म्हणाला.
उघड वापरलेली पाहिजे, अखंड पाहिजे,
आणि हक्कानं.
मग चष्मा काढला.
"कधी परवानगी तर मागितली नाही ना?
मागून मिळाली तर ती मेहेरबानी.
मेहेरबानी शंभर वर्षं चालली
तरी तिचा हक्क होत नाही."

मी पदर नीट केला.

दर अखजीला हे डोमाजींच्या अंगणात जायचे.
नारळ नाही, काही नाही, रिकाम्या हातानं.
"डोमाजी, यंदा बी बंडी काढतो मी."
आतून आवाज यायचा,
"काढ नं बावा. कायले इचारतं दरसाल?"
मग चहा.
पुढल्या अखजीला पुन्हा तेच.
हे गेल्यावर मी जायचे.

पंचनाम्याला तहसीलदार बाई आल्या,
कोतवालानं टेप धरला. आठ फूट.
तारेपलीकडे मोरेश्वर,
त्याच्या बाजूला त्याची आई,
जिनं तो चहा इतकी वर्षं केला.
"कधी परवानगी घेत होता का?"
मी म्हटलं, नाही.
आम्ही हक्कानं जात होतो.

मोरेश्वरच्या आईनं माझ्याकडे पाहिलं.
तिला कोणी विचारलंच नाही.
ती खाली वाकली
आणि पायातला काटा काढला.
काटा नव्हता बहुतेक.

निकाल आमच्या बाजूनं लागला.
सात कलमं उपटली त्यानं, स्वतःच्या हातानं,
मुळाशी माती राखून.
हुकमाचा कागद पेटीत आहे, लुगड्यांच्या खाली.
जमीन त्याची, जाणं माझं.
मी तिथं खुंटी ठोकायची नाही,
बैल बांधायचे नाहीत, कडबा टाकायचा नाही.
फक्त जायचं.
त्यानं अडवायचं नाही.
इतकं नीट तर आधी कोणी सांगितलं नव्हतं.

यंदाच्या अखजीला
बंडी जुंपून पळसापाशी आणली.
मोरेश्वर आळ्यांना पाणी देत होता,
पाठ माझ्याकडे.
मी कासरा ओढला. म्हटलं,
"मोरेश्वर, यंदा बी..."

पण बैलांना वाट ठाऊक.
ते काही थांबले नाहीत.
आस नेहमीच्या जागी घासला,
आणि तो वळून बघेपर्यंत
विहीर आली होती.